ओसरीपासून दरबारापर्यंत

धर्मसमाजाचा इतिहास लिहिताना त्याच्या मंदिरांची, शाळांची आणि अनुयायांची मोजदाद करण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे, आणि सरकारी गॅझेटियरांनी व मिशनच्या वार्षिक अहवालांनी तो अधिकच दृढ केला. परंतु ज्या समाजाचा आरंभच परक्यांच्या आगमनातून झाला, त्याची खरी पारख अशा खानेसुमारीने होत नाही. दारी आलेल्या परक्याला त्याने कोठे बसवले, कोणाच्या पंगतीस घेतले आणि आपल्या श्रद्धेतील कोणता वाटा किती मोकळ्या मनाने त्याच्यापुढे ठेवला, हेच त्याच्या इतिहासाचे मर्म असते. अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने वाढलेल्या, आणि अहमदनगर हे जिचे हृदयस्थान होते त्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा पूर्ववृत्तांत या दृष्टीने पाहू गेल्यास त्यात यशापयशाचा, उदारतेचा आणि संकोचाचा असा काही विलक्षण मिलाफ आढळतो, की तो केवळ त्या समाजापुरता न राहता सर्व महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाचे एक बोधप्रद प्रकरण ठरतो.

या प्रकरणाच्या पहिल्या पानावर यजमान नाहीत, अनाहूत पाहुणे आहेत. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन धर्मोपदेशक १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबई बंदरात उतरले, तेव्हा कंपनी सरकारला धर्मप्रचारक नको होते, आणि त्यातून इंग्लंड व अमेरिका यांच्यामध्ये युद्ध जुंपलेले असल्यामुळे अमेरिकन माणसाकडे पाहण्याची सरकारदरबारची नजर अधिकच संशयी झाली होती. त्यांना परत पाठवावे असा कलकत्त्याचा हुकूम होता. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे त्यांनी अर्जांमागून अर्ज केले, विनवण्या केल्या, आणि त्या वर्षी कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण होऊन धर्मोपदेशकांना परवाने देण्याची तरतूद झाली, तेव्हा कोठे त्यांचे पाय या भूमीवर स्थिरावले. हॉलने मराठी भाषा आत्मसात केली, मुंबईच्या रस्त्यांत, देवळांच्या परिसरात, बाजारांत उभे राहून लोकांशी संवाद केला, आणि १८२६ च्या मार्च महिन्यात नाशिककडील प्रवासात, पटकीच्या साथीने हवालदिल झालेल्या लोकांना जवळची औषधे वाटून परतत असताना, त्याच रोगाने त्याला वाटेतल्या एका खेड्यात गाठले. तेथे एका हिंदू देवळाच्या ओसरीवर, दगडी फरशीवर पडल्या पडल्या त्याने प्राण सोडले. ज्या देवतेच्या उपासनेविरुद्ध तो आयुष्यभर बोलत आला, तिच्याच दाराशी त्याला शेवटचा आसरा मिळाला, ही गोष्ट चरित्रकारांनी त्याच्या धैर्याची साक्ष म्हणून नोंदवली आहे. मला मात्र तिच्यात त्या अनाम खेड्याच्या आतिथ्याचीही साक्ष दिसते. आतिथ्याचा पहिला धडा या मुलखाने मिशनला दिला, मिशनने या मुलखाला नव्हे, हे मराठी मंडळीने विसरू नये.

याच्या दोन-अडीच शतके अगोदर पश्चिम किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्माचे आगमन निराळ्या रीतीने झाले होते, आणि त्याचे स्मरण येथे आवश्यक आहे. गोव्यातील साष्टीत पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, १५८३ मध्ये कुंकळ्ळीला जेझुइट धर्मगुरूंची हत्या झाली आणि तिचा सूड सत्तेने निष्ठुरपणे घेतला. त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ज्यांची पुराणे हिरावून घेतली गेली होती त्या नवख्रिस्ती लोकांच्या हाती त्यांच्याच छंदातले, त्यांच्याच वाणीतले पुराण ठेवले. ज्या हाताने हिरावले त्याच हाताने दिले, म्हणून या ग्रंथाचे मोल कमी होत नाही. पण दंडशक्तीच्या सावलीत दिलेले दान आणि समानांनी समानांना दिलेले दान यांतील अंतर त्यामुळे पुसले जात नाही. पुढे नगरच्या मंडळीला जे साधले, त्याचे कारण तिच्या हाती दंड नव्हता, हे आहे. राज्य इंग्रजांचे होते आणि राज्यकर्त्यांचा धर्म तो मिशनचा धर्म, एवढा आधार तिला होता हे खरे. परंतु बाप्तिस्म्याचा हुकूम काढणारा कोणी अंमलदार तिच्यामागे नव्हता.

१८३१ च्या अखेरीस मिशनने अहमदनगर येथे ठाणे केले. निजामशाहीच्या भग्न वैभवाचे हे शहर त्या वेळी इंग्रजांची लष्करी छावणी म्हणून नव्याने महत्त्वास चढत होते. हवा कोरडी व निरोगी, आणि सभोवार गोदावरी, प्रवरा, सीना यांच्या काठची दाट वस्तीची खेडी. तेथे शहरातील इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीवर निराधारांसाठी एक धर्मशाळा चालत असे, आणि तिच्यात आंधळे, पांगळे, महारोगी, दुष्काळाने घराबाहेर लोटलेले असे लोक राहत. त्या धर्मशाळेत उपदेश करण्याचे काम बाबाजी नावाच्या एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थाकडे आले, आणि १८३३ साली नगरला जी पहिली मंडळी स्थापन झाली तिच्या प्रारंभीच्या सभासदांत याच अनाथ, अपंग माणसांचा भरणा होता. बाबाजी स्वतः त्याच वर्षी पटकीने वारले. विद्वानांना वादात जिंकून, सरदार-जहागीरदारांना वळवून मग सामान्यांकडे यावे, अशी कल्पना अनेक उपदेशकांच्या मनात असे. परंतु नगरला घडले ते याच्या उलट, आणि ज्यांना कोणत्याच ओसरीवर जागा नव्हती त्यांच्यापासून या समाजाची पहिली ओळ बसली. माझ्या मते या मंडळीच्या पुढील साऱ्या इतिहासाचा हा पाया होय. जेव्हा जेव्हा ती या पायावर उभी राहिली तेव्हा ती वाढली, आणि जेव्हा तिला त्याचा संकोच वाटू लागला तेव्हा ती खुंटली.

यानंतर थोड्याच वर्षांत हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे ब्राह्मण तरुण मंडळीत आले, आणि १८५४ मध्ये या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पाश्चात्त्य उपदेशकांच्या हातचा कारभार एतद्देशीय पाळकांच्या हाती जाण्याचा हा आरंभ होता. परंतु त्याहून मोठी घटना प्रभुभोजनाच्या मेजाशी घडत होती. एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातील द्राक्षारस कालपर्यंत सोवळ्यात जेवणाऱ्या ब्राह्मणाने आणि गावकुसाबाहेरच्या महार-मांगाने घ्यायचा, ही गोष्ट आज वाचताना सोपी वाटते. ज्या काळी महाराची सावली टाळण्यासाठी माणसे वाट बदलत, त्या काळी तिच्यात आयुष्याची सर्व नाती पणाला लागत. बाप्तिस्मा घेणाऱ्याला जातीबाहेर टाकण्याचे घटस्फोट-विधी होत, आईबाप जिवंतपणी श्राद्धे घालीत, वडिलार्जित मिळकतीवरील हक्क जात. त्या शेवटच्या संकटावर १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखून काही उपाय केला, परंतु मनावरच्या जखमेला कायद्याचा लेप पुरत नाही. मिशनने मात्र प्रभुभोजनाच्या बाबतीत जातीशी तडजोड करण्याचे नाकारले, आणि या एका निग्रहाने तिने महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात आपली मुद्रा उमटवली. स्वागत ही केवळ गोड बोलण्याची रीत नसून बसण्याची जागा बदलण्याची रीत आहे, हे त्या मेजाने शिकवले.

या मोकळ्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाने ख्रिस्ती व्हावे असे घडले नाही, आणि जे झाले नाहीत त्यांनीही पुष्कळ नेले. मिस सिंथिया फरार ही बाई १८२७ मध्ये मुंबईस आली. अमेरिकेहून परदेशी धर्मकार्यासाठी पाठवल्या गेलेल्या अगदी पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. पुढे नगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तेथेच तिचा अंत झाला. सदाशिव बल्लाळ गोवंडे या मित्राच्या ओळखीने जोतीराव फुले यांनी तिच्या शाळा पाहिल्या आणि त्या पाहून पुण्यास मुलींची शाळा काढण्याचा त्यांचा निश्चय दृढ झाला. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे काही शिक्षण मिस फरार यांच्या संस्थेत घेतले. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, सत्यशोधक झाले. आणि तरीही मंडळीने त्यांना दिलेले अन्न फुकट गेले असे कोणता न्यायी माणूस म्हणेल? श्रद्धेचे वाटप करणाऱ्याला आपल्या दानाचा परिणाम आपल्या नोंदवहीत उतरलेला पाहण्याचा अधिकार नसतो. त्याने द्यावे, आणि घेणाऱ्याने ते कोठे न्यावे हे देवावर सोपवावे.

नेवाशाकडची वडाळे व त्याच्या आसपासची खेडी या मंडळीच्या प्रसाराची दुसरी भूमी. तेथील महार वस्त्यांत हा धर्म वक्तृत्वाने गेला नाही, तो सोयरिकीच्या वाटेने गेला. एका गावचा माणूस मंडळीत येई, त्याच्या बहिणीच्या सासरी ती वार्ता पोहोचे, मेहुणा ऐकून जाई, पुढल्या हंगामात त्याचे घर येई. उपदेशकाचे व्याख्यान चावडीपाशी होई तेव्हा जमावात कुतूहल असे. परंतु निश्चय होई तो रात्री, जात्यावर, चुलीपाशी, कोणी तरी आपलेच माणूस काय सांगते ते ऐकताना. बायबलबाई म्हणून काम करणाऱ्या स्त्रिया घरोघर जात, आजारी माणसाच्या उशाशी बसत, वाचून दाखवीत, आणि ज्या उंबरठ्याआड पुरुष उपदेशकाला प्रवेश नव्हता तो त्यांना सहज ओलांडता येई. त्यांच्यापैकी बहुतेकींची नावे अहवालांत नाहीत, तरी या इतिहासाचा मोठा भाग त्यांनीच घडवला.

परंतु मंडळीत आलेल्या या माणसाला बसवायचे कसे, त्याच्याशी बोलायचे कोणत्या सुरात, हा प्रश्न पुष्कळ दिवस सुटला नव्हता. १८४२ मध्ये नगरास ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू करणारे रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांनी मराठी गीतांचे मोठे कार्य केले. मात्र त्यांतील पुष्कळ गीते पाश्चात्त्य चालींवर बसवलेली होती, आणि अभंग-ओवीवर वाढलेल्या खेडुताच्या कानाला ती परकी लागत. या अडचणीवर तोड निघाली ती मराठी माणसांकडून. १८६० नंतरच्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा सुरू केली. नमन, पूर्वरंगातील निरूपण, मग उत्तररंगातील आख्यान, मध्ये साकी, दिंडी, आर्या, पदे यांची पेरणी, आणि साथीला मृदंग, झांजा, वीणा, असा सारा थाट त्यांनी जशाचा तसा ठेवला. बदलले ते आख्यान. हरिश्चंद्राच्या जागी उधळ्या पुत्र आला, प्रल्हादाच्या जागी दानीएल आला. ऐक्य या नावाने भरणाऱ्या मंडळ्यांच्या वार्षिक मेळाव्याला या कीर्तनांनी अपूर्व रंग चढे, आणि ज्या गावात उपदेशकाकडे कोणी फिरकत नसे त्या गावात कीर्तनाला सर्व जातींचे लोक दाटी करून बसत. वडाळ्याचे डॉक्टर सॅम्युएल फेअरबँक यांच्यासारख्या परदेशी उपदेशकांनी या प्रयत्नाची पाठराखण केली, हा त्यांचा मोठेपणा. कारण आपल्या देशातील उपासनेची रीत हीच एकमेव रीत नव्हे हे मान्य करण्यास मन मोठे लागते. कीर्तनाने जे साधले ते असे: ऐकणारा परका राहिला नाही. सारी बैठक त्याचीच होती. नवीन होती ती केवळ वार्ता, आणि ती स्वीकारावी की नाकारावी याचा निर्णय तो आपल्या घरात बसून, निर्भयपणे करू शकत होता.

दुर्दैवाने याच काळात दुसऱ्या बाजूने एक भिंतही उभी राहत होती. मिशनच्या आवारात शाळा, वसतिगृह, उपदेशकांचे बंगले आणि नव्या ख्रिस्ती कुटुंबांची घरे अशी एक स्वतंत्र वसाहत तयार झाली. मिशनचे वेतन हे अनेकांच्या उपजीविकेचे साधन बनले, पेहराव व रीतिरिवाज यांत पाश्चात्त्य वळण आले, आणि दुष्काळाच्या वर्षांत, विशेषतः १८९६ ते १९०० या भीषण काळात, अन्नासाठी येणाऱ्या हजारोंच्या गर्दीत श्रद्धा आणि भूक यांची सीमारेषा पुसट झाली. नगरचे डॉक्टर रॉबर्ट ह्यूम यांच्यासारख्यांनी त्या दुष्काळांत माणसे वाचवण्यासाठी जे अपार कष्ट घेतले त्यांबद्दल कृतज्ञतेखेरीज दुसरा शब्द नाही. तथापि उपाशी माणसाला भाकरी आणि धर्म एकाच हाताने दिल्यास त्याला दुसऱ्याचा नकार देण्याची मोकळीक उरत नाही, हा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला आणि तो निराधार नव्हता.

या मोकळिकीचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने पंडिता रमाबाईंच्या संस्थेत उभा राहिला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले आणि पुढे पुण्यास नेलेले त्यांचे शारदा सदन हिंदू विधवांसाठी होते. तेथे धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, अशी व्यवस्था होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यावर १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती समजण्याजोगी होती. मुली त्यांनी विश्वासाने सोपवल्या होत्या. पण रमाबाईंचे म्हणणेही तितकेच विचारार्ह होते: जी श्रद्धा माझे जीवन आहे ती मी लपवू कशी, आणि जी मुलगी स्वेच्छेने बसते तिला हाकलू कशी? उघडे दार दोन्ही बाजूंनी उघडे असावे लागते; आत येणाऱ्याला अडवू नये आणि बाहेर जाणाऱ्याला धरू नये. केडगावच्या मुक्ती सदनात पुढे शेकडो दुष्काळग्रस्त मुली आल्या व बहुतेक ख्रिस्ती झाल्या, तेव्हा हा तोल राखणे अधिकच अवघड होऊन बसले असले पाहिजे.

हा तोल आयुष्यभर शोधीत राहिलेला दुसरा थोर पुरुष म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने नवा करार वाचण्याचा आग्रह केला आणि त्यांच्या शोधाला दिशा मिळाली; १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढे कित्येक वर्षांच्या वियोगानंतर त्या नगरास आल्या, त्या आपले सोवळे घेऊन आल्या. ख्रिस्ती वस्तीत त्यांनी आपली चूल व आपले पाणी वेगळे ठेवले, आणि टिळकांनी त्यासाठी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. आपल्या मनाने, आपल्या गतीने जातीची गाठ सुटल्यावर १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या घरात एके काळी पाण्याचा हंडा वेगळा होता त्या घरात दुष्काळ-प्लेगाने पोरकी झालेली कोणकोणत्या जातींची मुले एका पंगतीस जेवू लागली. हे सारे ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांनी ज्या प्रांजळपणाने सांगितले आहे, त्याला मराठीत तोड नाही.

टिळकांनी कीर्तन आणि भजन यांना नवे तेज दिले. मंडळीच्या उपासनेत आज गायिली जाणारी कितीतरी गीते त्यांची आहेत. तुकोबांच्या अभंगांच्या मार्गानेच आपण ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचलो, असे ते मोकळेपणाने सांगत, आणि म्हणून मागची वाट मोडून टाकण्याची त्यांना गरज वाटली नाही. मिशनची सेवा दोन दशकांहून अधिक काळ केल्यावर १९१७ साली त्यांनी तिचे वेतन सोडले, साताऱ्यास बिऱ्हाड केले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य एकत्र यावेत, कोणी मिशनचा आश्रित नसावा, कोणी परक्या वेषाचा बंदा नसावा, हा त्याचा हेतू होता. मंडळीतील पुष्कळांना यामुळे चिंता वाटली, कारण बाप्तिस्म्याची सीमा पुसल्यास समाजाचे स्वरूपच टिकणार नाही, असे त्यांना वाटे. ती चिंता क्षुद्र नव्हती. पण ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि प्रयोग पुरता रुजण्यापूर्वीच संपला. त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. पुढे १९२२ मध्ये रेव्हरंड जॅक विन्स्लो यांनी काढलेल्या ख्रिस्त सेवा संघाने आश्रमजीवनातून, भारतीय व युरोपियन एकत्र राहून, याच विचाराचा एक धागा पुढे चालवला.

या शतकभराच्या वृत्तांताचा निष्कर्ष मला असा वाटतो. या मंडळीने जेथे पैसा, वेतन, आवार आणि परकी रीत यांच्या बळावर माणसे जमवली तेथे तिला गर्दी लाभली. जेथे तिने आंधळ्या-पांगळ्याला पहिली जागा दिली, जातीपुढे मेज राखले, मृदंगाच्या तालावर आपली वार्ता गायिली आणि ऐकणाऱ्याला नकाराची मुभा ठेवली, तेथे तिला आप्त लाभले. आज मराठी ख्रिस्ती समाज मिशनच्या आश्रयाखाली राहिलेला नाही. तो स्वतःच्या घराचा स्वतः यजमान आहे, आणि यजमानाची जबाबदारी आश्रिताच्या जबाबदारीहून मोठी असते. आपल्यातही जुन्या जातींच्या सोयरिकी अजून वेगळ्या राहतात, आपल्या प्रार्थनामंदिरांतही नवख्या माणसाला मागच्या बाकावर एकटे बसून परत जावे लागते, हे आपण जाणतो. ज्यांच्या पूर्वजांना कोठेही बसायला जागा नव्हती, त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या शेजारी जागा द्यावी, आपल्याला जे लाभले ते निर्भयपणे त्याला सांगावे, आणि त्याचे उत्तर काहीही आले तरी त्याचा मान राखावा, एवढीच माझी या समाजातील बंधुभगिनींना कळकळीची विनंती आहे.